कसारा घाटातली सीमारेषा

२०२५-२६च्या रणजी करंडकाची गटवारी काढून बघा. विदर्भ ‘अ’ गटात, महाराष्ट्र ‘ब’ गटात, मुंबई ‘ड’ गटात. एका राज्याचे तीन संघ, तीन वेगळ्या गटांत. म्हणजे साखळी फेरीत या तिघांपैकी कुणाचीच कुणाशी गाठ पडायची नव्हती. मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरात, पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले खरे, पण तो सराव सामना होता. मुंबई सोडून नुकताच महाराष्ट्राकडे आलेला पृथ्वी शॉ जुन्या संघाविरुद्ध १८१ धावा काढून गेला. मोबाइलवर क्लिपा फिरल्या, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. गुणतक्त्यात त्या १८१ची कुठेही नोंद नाही.

याच दोन संघांनी मार्च १९४९मध्ये पुण्यात सात दिवस एक सामना खेळला होता. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण धावा २३७६, शतकं नऊ. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात इतक्या धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. पण दुसऱ्या डावात सातशेच्या वर धावा करूनही समोरचा संघ सहाशे करतो, तेव्हा जिंकणाऱ्यालाही घाम फुटला असणार.

त्या सामन्यापासून गहुंजेच्या सराव सामन्यापर्यंत काय झालं? खेळाडू मऊ झाले, टी-ट्वेंटी आली, आयपीएलने पोरं बिघडवली, ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत. मला ती पटत नाहीत. माझ्या मते जे झालं ते कागदावर झालं. कोणाला दरवर्षी कोणाशी खेळावं लागेल, हे ठरवणारा कागद बदलला. खेळातलं वैर रक्तात नसतं, ते वेळापत्रकात असतं. शेतात भांडण कोणाशी होतं? ज्याच्या बांधाला आपला बांध लागलाय त्याच्याशी. चार गावं पलीकडच्या माणसाचा आपल्याला राग येत नाही, कारण त्याचं नांगर आपल्या हद्दीत येतच नाही.

हे आज सुचायचं कारण अमेरिकेत आहे. तिकडे कॉलेजांचं फुटबॉल म्हणजे आपल्या आयपीएलएवढा धंदा. कॉलेजांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या मंडळांत विभागलेले असतात. ही मंडळं मुळात शेजाराची होती, जवळजवळच्या कॉलेजांनी एकमेकांशी खेळावं म्हणून बांधलेली. मग टीव्हीच्या हक्कांचे पैसे वाढले आणि मोठी कॉलेजं जास्त पैसे देणाऱ्या मंडळांकडे सरकू लागली. २०२४मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा ही दोन विद्यापीठं आपलं मंडळ सोडून दुसरीकडे गेली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं मध्य अमेरिकेच्या मंडळात दाखल झाली. पॅसिफिक महासागराच्या काठावरचं स्टॅनफर्ड तर ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या मंडळात जाऊन बसलं. म्हणजे रत्नागिरीच्या कॉलेजने ‘बंगालचा उपसागर चषक’ खेळावा तसं. या गडबडीत ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातला, शंभराहून अधिक वर्षं दरसाल होणारा सामना २०२३नंतर वेळापत्रकातून गेला. दोन्ही कॉलेजं तिथेच आहेत, दोन्ही गावं तिथेच आहेत. फक्त बांध मोडला.

हे वाचताना आपल्याकडे असं काही झालंच नाही, असं वाटतं. झालं आहे, आणि एकदा नाही, चार-पाचदा झालं आहे. मी राहतो त्या अंबडपासूनच बघू.

अंबड म्हणजे नाशिकची औद्योगिक वसाहत, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला. इथून मुंबई साधारण १७० किलोमीटर, पुणे २१०च्या आसपास. कारखान्यांचा माल मुंबईकडे जातो, मुंबईची माणसं वीकेंडला इकडे येतात, इथला पोरगा नोकरीसाठी आधी मुंबईचं नाव घेतो. पण त्याने हातात बॅट घेतली की दिशा बदलते. नाशिकचं क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेखाली, म्हणजे पुण्याकडे. कसारा घाट उतरून खाली गेलात की पालघरचा शार्दुल ठाकूर मुंबईचा. घाटाच्या वर इगतपुरीपासून पुढे सगळे महाराष्ट्राचे. ही रेषा जमिनीवर कुठे आखलेली नाही, पण निवड चाचणीला कुठल्या गाडीत बसायचं, ते तीच ठरवते.

कॉलेजचंही तसंच, पण ती रेषा नंतर आली. नाशिकचं एचपीटी कॉलेज १९२४मधलं. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, कारण दुसरं होतंच कुठलं? १८५७चं मुंबई विद्यापीठ म्हणजे अख्ख्या मुंबई इलाख्याचं विद्यापीठ. सिंधपासून कर्नाटकापर्यंत सगळ्यांची परीक्षा तेच घ्यायचं. १९३५-३६मध्ये विद्यापीठांची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा सुरू झाली. मुंबईच्या आर्देशीर बारिया यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेला हा करंडक. पुढची निदान चार दशकं कसोटी संघाचा रस्ता या स्पर्धेतून जात होता. आता विचार करा, इलाख्यातल्या इतक्या कॉलेजांतून मुंबई विद्यापीठाच्या अकरा जणांत यायचं. एलफिन्स्टन, विल्सन, झेवियर्सच्या पोरांना रोज मैदान आणि रोज सामने. नाशिक, नगर, धुळ्याच्या पोराला त्या अकरांत जागा मिळायची शक्यता किती?

१० फेब्रुवारी १९४९ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. मुंबई राज्यातले १२ जिल्हे त्याच्याकडे आले, त्यात नाशिक होतं. शिक्षणाच्या इतिहासात ही नोंद बॅ. जयकर पहिले कुलगुरू झाले इथे संपते. खेळाच्या इतिहासात ती इथे सुरू होते, कारण या एका कायद्याने आणखी एक संघ जन्माला आला. आणखी अकरा जागा तयार झाल्या.

त्या अकरा जागांमधून लगेच कोण पुढे आलं? नाशिकमध्ये ४ एप्रिल १९३३ला जन्मलेला एक डावखुरा मुलगा. बापू नाडकर्णी. १९५०-५१मध्ये, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, ते पुणे विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया खेळले आणि लोकांच्या नजरेत आले. पुढच्याच मोसमात महाराष्ट्राकडून रणजी. त्यांचं पहिलं प्रथम श्रेणी शतक कुणाविरुद्ध झालं असेल? मुंबईविरुद्ध, तेही मुंबईत, ब्रेबर्नवर.

नाडकर्णी म्हटलं की आपल्याला १९६४ची मद्रास कसोटी आठवते, इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं, ३२ षटकांत ५ धावा. ते खरंच आहे. पण मला त्यांच्या कारकिर्दीतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. मुंबईविरुद्ध पहिलं शतक ठोकणारा हा नाशिककर साठच्या दशकात मुंबईकडून खेळू लागला. ज्या संघाला हरवायला शिकला, त्याच संघातून जिंकू लागला. नवीन विद्यापीठाने दार उघडलं नसतं तर हा माणूस पुढे आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. एवढा चिवट माणूस कुठूनही आला असता. पण दार उघडलं आणि दुसऱ्याच वर्षी तो आत आला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईचा मोह समजून घ्यायचा तर रणजी करंडकाच्या रचनेकडे जावं लागेल. १९३४मध्ये स्पर्धा सुरू झाली. त्याआधी मुंबईत गर्दी खेचणारी स्पर्धा वेगळीच होती. १९०७ची तिरंगी, १९१२ची चौरंगी, १९३७ची पंचरंगी. तिथले संघ गावांचे नव्हते, जमातींचे होते. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शेवटी ‘द रेस्ट’. विजय हजाऱ्यांनी १९४३-४४च्या पंचरंगीत ‘रेस्ट’कडून हिंदूंविरुद्ध एकट्याने ३०९ केल्या, संघाच्या ३८७ पैकी! जमातींच्या त्या मांडणीला विरोध वाढत गेला, गांधीजींनीही १९४०मध्ये तिच्याविरुद्ध मत दिलं आणि १९४६नंतर ती बंद पडली. एका रचनेने वैर जमातींत लावलं होतं. दुसऱ्या रचनेने ते प्रांतांत लावलं. भारतीय क्रिकेटमधली ही सर्वात मोठी फेरमांडणी, आणि माझ्या मते सर्वात चांगलीही.

रणजीत देशाचे विभाग पाडले, कारण उघड होतं: देश अवाढव्य, प्रवास रेल्वेचा, पैसा तुटपुंजा. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, काठियावाडातली संस्थानं, पुढे बडोदा, आणि कराचीचा सिंधसुद्धा. बघा, ही यादी म्हणजे जवळजवळ जुना मुंबई इलाखाच. आणि गंमत म्हणजे ‘महाराष्ट्र’ हे नाव धावफलकावर १९३४ला आलं, तेव्हा त्या नावाचं राज्य अस्तित्वात यायला २६ वर्षं होती. मुंबईसाठी राज्यभर आंदोलन पेटलं, माणसं मेली, १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. नकाशा जुळला, क्रिकेटच्या मैदानावर मात्र मुंबई महाराष्ट्रात आली नाही. आजही नाही.

विभागातून एकच संघ पुढे जाणार, हा नियम. सगळ्या गोष्टीची किल्ली याच नियमात आहे. महाराष्ट्राला देशाचा विजेता व्हायचं तर आधी मुंबईला बाजूला सारावं लागे, आणि मुंबईला महाराष्ट्राला. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा पुढे जाई. मग शहाणा कप्तान काय करेल? नाणेफेक जिंकून फलंदाजी घेईल आणि समोरच्याला उन्हात दोन दिवस पळवेल. जिंकायची घाई कुणालाच नाही, न हरण्याची सगळ्यांना. १९४३-४४मध्ये विजय मर्चंट महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढून बसले, ते केवळ हौस म्हणून नव्हे. त्याआधी १९४०-४१मध्ये प्रा. दि. ब. देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ केल्या, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. संस्कृतचे प्राध्यापक, जन्म १८९२चा. ज्या वयात माणसं गुडघ्याला तेल लावतात, त्या वयात हा गृहस्थ मुंबईची गोलंदाजी झोडत होता. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा करंडक जिंकला. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही.

मुंबईच्या फलंदाजीला ‘खडूस’ म्हणतात, ते कौतुकाने. विकेट फेकायची नाही, उभं राहायचं, समोरच्याला कंटाळा आणायचा. हा गुण दादर-शिवाजी पार्कच्या हवेत आहे, असं मुंबईकर सांगतात. सांगू द्या. मला त्यात नियमाचा हात जास्त दिसतो. कांगा लीगमधल्या पावसाळी खेळपट्ट्यांनी तंत्र शिकवलं असेल, पण दोन-दोन दिवस खेळत राहायची गरज पहिल्या डावाच्या आघाडीने निर्माण केली. पुण्याच्या फलंदाजांनीही तेच केलं, फक्त त्यांना कुणी खडूस म्हटलं नाही.

खेळाडूंची पळवापळवीही आजची नाही. सांगलीचे विजय हजारे १९३९-४०मध्ये महाराष्ट्राकडून खेळत होते. रणजीतलं पहिलं त्रिशतक, नाबाद ३१६, त्यांनी केलं ते बडोद्याविरुद्ध. बडोद्याच्या दरबाराने बघितलं असणार, कारण १९४१पासून हजारे बडोद्याचे. इंदूरच्या होळकरांनी तर कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे यांना घेऊन असा संघ उभा केला की अकरा मोसमांत दहा अंतिम सामने आणि चार करंडक. १९४५च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन उतरवला. युद्धामुळे तो महूच्या छावणीत होता, घेतला संघात. त्याने नाबाद २४९ केल्या, तरी मुंबई जिंकली. दोन वर्षांनी बडोदा-होळकर अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. गायकवाडांचा संघ होळकरांच्या संघाला मैदानावर कुटतो आहे आणि दोन्ही राजघराणी मराठी. भाऊबंदकीला याहून मोठं स्टेडियम मिळालं नसेल. संस्थानं गेली, होळकरांचा संघही १९५५नंतर गेला. पुढे कंपन्या आणि बँकांनी आश्रयदात्याची जागा घेतली, आणि त्या होत्या मुंबईत. म्हणून नाडकर्णी मुंबईला गेले याचं नवल वाटत नाही. उलट पुण्याचे चंदू बोर्डे आधी बडोद्याकडून खेळून नंतर महाराष्ट्राकडे परतले, याचं वाटतं.

१९४८-४९च्या मोसमात विभागांची भिंत नव्हती. तेव्हा काय झालं? उपांत्य फेरीत मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, तोच २३७६ धावांचा सामना, आणि अंतिम सामन्यात मुंबईसमोर बडोदा. शेवटच्या चारांत तीन संघ पश्चिमेचे. त्याच मोसमात कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२च्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी. विक्रमाच्या पुस्तकात आपल्या संघाचं नाव असं नको म्हणून काठियावाडच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला. शेजारी शेजाऱ्याचं किती भलं बघू शकतो, याचा हा हिशेब: नऊ धावा.

भिंत परत उभी राहिली आणि तिची खरी किंमत साठच्या दशकात कळली. १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला. हा पराक्रम आपण छाती फुगवून सांगतो. आता तोच आकडा पुण्यातून, नाशिकमधून, राजकोटमधून वाचा. त्यातली पहिली १२ वर्षं विभागातून एकच संघ पुढे जात होता. विजेता मुंबई, म्हणजे पश्चिमेतून पुढे गेलेला संघही मुंबईच. म्हणजे १२ वर्षं महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांना आपल्या विभागाच्या बाहेरचा संघ रणजीत बघायलाही मिळाला नाही. त्या वर्षांत पुण्यात किंवा नाशिकमध्ये वीस-बावीस वर्षांचा असलेला एखादा चांगला फलंदाज बत्तीस वर्षांचा झाला, आणि बाद फेरी म्हणजे काय हे त्याला वर्तमानपत्रातूनच कळलं. असा कोणी होता तर त्याचं नाव आज आपल्याला ठाऊक नाही, हाच त्या नियमाचा परिणाम.

१९७०-७१ला नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे. पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजला गेलेले, सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेली मुंबई मैदानात. महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. १९९२-९३ला नियम पुन्हा सैल झाला, विभागातून तीन संघ. पुन्हा पहिल्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत! यावेळी लुधियानात पंजाबने हरवलं. म्हणजे १९४१नंतर महाराष्ट्र पहिल्या दोन अंतिम सामन्यांत पोचला ते दार एकेक वीत उघडल्याच्या वर्षी. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. मला तो दाराबाहेर किती गर्दी साचली होती त्याचा पुरावा वाटतो.

मग २००२-०३. विभागच गेले. त्यांच्या जागी ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ अशा दोन श्रेणी आल्या, पुढे त्यांचीही मांडणी बदलत राहिली. हेतू चांगला होता. तगड्या संघांनी तगड्यांशी खेळावं, कमजोरांनी आपापसांत वाढावं. हा हेतू बऱ्याच अंशी साधलाही. पण मुंबई-महाराष्ट्र हा सामना दरवर्षी व्हायचा, तो आता सोडतीवर आला. एखाद्या वर्षी दोघे एका गटात, मग दोन-तीन वर्षं नाही.

इथे मला दोन्ही बाजू दिसतात आणि मी कुंपणावर बसणार नाही. महाराष्ट्राच्या खेळाडूंसाठी विभाग गेले ते बरं झालं. २०१३-१४ बघा. महाराष्ट्र ‘क’ गटात, मुंबई ‘अ’ गटात. जुन्या पद्धतीत महाराष्ट्राला मुंबईच्या सावलीतच मोसम काढावा लागला असता. नव्या पद्धतीत तो आपल्या गटातून वर आला आणि उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर मुंबईसमोर उभा ठाकला. मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. जुन्या सवयीने सामना तिथेच संपायला हवा होता, कारण पहिल्या डावाची आघाडी मुंबईकडे. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९त गुंडाळली गेली. २५२ धावांचा पाठलाग, केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१, महाराष्ट्र आठ गडी राखून विजयी. पुढे हैदराबादला अंतिम सामन्यात कर्नाटकने हरवलं, ते अलाहिदा. पण जालन्याच्या पोराने वानखेडेवर मुंबईला घरी बसवलं, हे दार उघडं असल्यामुळे घडलं.

प्रेक्षकांसाठी मात्र तोटाच झाला. वैराला पुनरावृत्ती लागते. गेल्या वर्षीचा हिशेब यंदा चुकता करायचा, यंदाचा पुढच्या वर्षी. तारीख माहीत असली की माणूस वाट बघतो. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई-महाराष्ट्र एका गटात आले, वांद्र्यात सामना झाला, सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने १७६ काढल्या, ऋतुराज गायकवाडने दुसऱ्या डावात १४५ने उत्तर दिलं. मुंबई नऊ गड्यांनी जिंकली. उत्तम सामना. पण त्याचा पुढचा भाग पुढच्या वर्षी वेळापत्रकातच नव्हता.

रिकाम्या जागी नवं वैर उगवतं, तेही बघून ठेवा. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. क्रिकेटने मात्र त्याला मध्य विभागात टाकलं, आणि १९५७-५८पासून तो उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्याशी झुंजत राहिला. मुंबईशी बांधच लागला नाही, तर वैर कुठून येणार? विभाग गेल्यावर विदर्भ हळूहळू वर सरकला. मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, मुंबईचाच वसीम जाफर संघात, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन करंडक नागपूरला. मार्च २०२४च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२वा करंडक घेतला. पुढच्या मोसमात नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि मग केरळविरुद्ध करंडकही जिंकला. दोन मोसम, दोन सामने, आणि आज मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये पुण्यापेक्षा नागपूरचं नाव जास्त सावधपणे घेतलं जात असणार. ९० वर्षांचं वैर सुकलं, दोन वर्षांचं तरारलं.

विभाग पूर्ण मेले मात्र नाहीत. २०२५ला दुलीप करंडक पुन्हा विभागवार खेळला गेला. शार्दुल ठाकूर पश्चिम विभागाचा कप्तान, ऋतुराज त्याच्याच संघात, म्हणजे मुंबई-पुणे एका बाजूला. उपांत्य सामन्यात समोर मध्य विभाग, त्यात विदर्भाची पोरं. ऋतुराजने १८४ केल्या, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर मध्य विभाग पुढे गेला. देवधरांना हा निकाल लगेच कळला असता! अंतिम सामन्यात विदर्भाच्या यश राठोडने १९४ केल्या आणि करंडक मध्य विभागाकडे गेला.

या सगळ्यात ‘एका राज्याचा एकच संघ का नाही’ हा प्रश्न नेहमी येतो. लोढा समितीने २०१६मध्ये ‘एक राज्य, एक मत’ असं सुचवलं, सर्वोच्च न्यायालयाने ते आधी मान्य केलं आणि ऑगस्ट २०१८मध्ये सैल केलं. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ तिघांचं मत राहिलं. तिकडे गुजरात, बडोदा, सौराष्ट्राचंही. युक्तिवाद मतांचा होता, पण नाशिकमधून बघताना मला जागा मोजाव्याशा वाटतात. तीन संघ म्हणजे ३३ जागा. एक संघ झाला तर ११, आणि त्या ११ जागांत अंबडच्या पोराचं काय होईल ते १९४९च्या आधीचं मुंबई विद्यापीठ सांगतं.

विद्यापीठांची फाळणीही पुढे चालूच राहिली. १९६२ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं, दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९०ला जळगावचं विद्यापीठ झालं, खानदेश गेला. पुणे विद्यापीठाकडे पुणे, नगर, नाशिक एवढंच राहिलं. धुळे-जळगावची कॉलेजं म्हणजे नाशिकचे खरे सख्खे शेजारी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांच्याशी होणारी टक्कर त्या कायद्याने संपली. जळगावच्या पोरांना नवा संघ मिळाला, नाशिकच्या पोरांचा शेजारी गेला. दोन्ही गोष्टी एकाच कागदाने केल्या.

जानेवारी २०२५मध्ये नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्राचा रणजी सामना झाला. समोर बडोदा. हजाऱ्यांनी ज्याच्याविरुद्ध ३१६ केल्या आणि नंतर ज्याच्याकडे गेले, तो बडोदा. महाराष्ट्राने त्यांना दणदणीत हरवलं. पुढच्या मोसमाची गटवारी लागली तेव्हा बडोदा ‘ब’ गटात नव्हता.